डाव्या पायाचा चिखल्या

प्रिय चिमणे,

घरी सगळं ठीक आहे. आई मात्र उठता-बसता टोमणे मारते, ‘जगातल्या पाखरांचे पत्ते ठाऊक, पोटच्या पोरीला एक पत्र टाकवत नाही!’ म्हणून आज कागद घेतला. अक्षर फार मोठं आलंय, हसू नकोस.

खाडीवर यंदाही पाहुणे वेळेवर आले. कुठल्या कुठल्या बर्फातून निघालेला मूठभर जीव नेमका आपल्याच चिखलात उतरतो. मी वाट दाखवणाऱ्याला हात जोडतो आणि दुर्बिणीला डोळा लावतो. पाखरांच्या पायातल्या पट्टीवरची अक्षरं वाचून, कोण परत आलं ते पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या साहेबांना कळवायचं. या नोंदींमुळेच चिखलावर भराव पडायचा थांबलाय. म्हणून अंदाजाने अक्षर सांगणं मला जमत नाही. ती खोटी साक्ष होईल.

पट्ट्या घालायच्या शिबिरातली ती सकाळ तू विसरली नसशील. आपल्या खाडीची हिरवी पट्टी उजव्या पायात घालायची. तू त्या चिखल्या पाखराला डाव्या पायात घातलीस आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो उडालाही. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आधी उजवं-डावं शीक, मग पाखरांना हात लाव.’ त्या दिवसापासून तू खाडीकडे फिरकली नाहीस. पाखरांचा विषय निघाला की आईकडे फोन द्या म्हणतेस.

परवा ओहोटीला तुझा चिखल्या परत आला गं! भरल्या थव्यात एकट्याच्याच डाव्या पायात हिरवी पट्टी. मी लहान पोरासारखा ओरडलो. साहेब धावत आले, अक्षरं वाचली आणि हसायलाच लागले. म्हणाले, ‘तुमच्या लेकीची चूक आमच्यापेक्षा नेमाची आहे, वेळेवर घरी परतली. तिला म्हणावं, तू पट्टी चुकलीस, तर मीही बोलायला चुकलो.’

पण अक्षरं त्यांना का वाचावी लागली, ते आईला एवढ्यात सांगू नकोस. मला ती दिसेनाशी झाली आहेत. डॉक्टर म्हणतात, गेली तेवढी नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा. देवाने पुष्कळ दाखवलं, माझी तक्रार नाही. मात्र आता सगळी पाखरं मला सारखीच दिसतात. त्यांतलं एक तेवढं ओळखू येतं, तुझ्या चुकीमुळे. थवा कुठे उतरतो ते मी अजून सांगू शकतो. अक्षरं वाचायला तू येशील का?

वाट पाहणारा, तुझाच
बाबा