गिरणीतला नंबर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तू लावून दिलेली नोकरी अजून टिकली आहे, हे आधी घरी कळव. पैजा लावून बसले असतील सगळे. पाच गावं झाली. लोकांना झोप लागते का, कशात जीव रमतो का, ते विचारतो, त्यांचं बोलणं टॅबमध्ये भरतो, फोन नंबर घालतो. पुढे समुपदेशक बाई म्हणून तू आहेसच.

काल गिरणीवाल्याने पट्टा कसा चढवायचा ते शिकवलं. अर्धा दिवस तिथंच गेला, म्हणून शिवणकामवाल्या काकूंचं टॅबमध्ये भरणं जरा घाईत उरकलं. मुलगा वारल्यापासून त्या कोणाशी बोलत नाहीत म्हणे, पण माझ्याशी तासभर बोलल्या! माझ्या पिशवीचा तुटलेला बंदही शिवायला ठेवून घेतला. इथल्या तळ्यावर बदकं आलीत, त्यांचं पुढच्या पत्रात.

लोभ आहेच, तो या नोकरीपेक्षा जास्त टिकावा.
तुझा भिंगरी

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बदकांचं चार पानी पत्र मिळालं. बदकं मजेत आहेत, समजलं. आता काकूंचं लिही. दहा तारखेला त्यांच्या नंबरावर टॅबमधला आपोआप जाणारा बोलका निरोप गेला, तेव्हापासून त्या माझा फोन घेत नाहीत. काल गिरणीवाल्याने उचलला. म्हणाला, फोन गिरणीतला आहे आणि बाईंनी तुमचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय.

प्रशिक्षणात मी फळ्यावर पहिलंच काय लिहिलं होतं? फोन कोणाचा, आणि तो आणखी कोण ऐकतं. तू मान डोलावत होतास आणि बघत होतास खिडकीबाहेर. भाऊ म्हणून मी सोडून दिलं, ती माझी चूक. पण तासभर बोललेली बाई पुन्हा गप्प झाली आहे, याचा मला घोर लागलाय. काय झालं ते खरं लिही. रागावणार नाही, असं काही मी म्हणत नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहे, म्हणूनच ओरडते.
तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मला दहा तारखेलाच कळलं होतं. बदकं त्यासाठीच होती.

काकूंकडे फोन नाही. त्या म्हणाल्या, गिरणीतला दे, सगळ्यांचे निरोप तिथंच येतात. मी दिला. गिरणीच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून गिरणीवाला प्रत्येक फोन स्पीकरवर लावतो. हे मला माहीत होतं, ताई. पट्टा शिकताना त्यावरून त्याची थट्टाही केली होती. निरोपात काकूंचेच शब्द होते, मी भरलेले: मुलाचा शर्ट रोज शिवता आणि रोज उसवता असं म्हणाला होतात, आज कसं वाटतंय? रांगेत दहा-बारा जण होते. काकूही होत्या, डबा घेऊन. त्या दळण न घेताच परत गेल्या.

तुझं पत्र आल्यावर गेलो. त्यांनी दारातूनच पिशवी हातात दिली. बंद शिवलेला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, जिथं ऐकवलंस तिथं सांग, गर्दीच्या वेळी.

काल सांगितलं. गिरणीवाल्याने मुद्दाम गिरणी बंद केली. एवढी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. मी म्हणालो की काकूंनी विश्वासाने सांगितलेलं माझ्या हलगर्जीपणामुळे इथं वाजलं, दोष सगळा माझा. पुढचे एक आजोबा आपल्या डब्यात बघत म्हणाले, कसला निरोप? या घरघरीत आम्हाला कधी काही ऐकू आलंय? बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळे खोटं बोलत होते, काकूंसाठी. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मागून काकू आल्या, डबा काट्यावर ठेवला आणि गिरणीवाल्याला चालू कर म्हणाल्या. मला एवढंच म्हणाल्या की सोमवारी पहिल्या गाडीने त्या स्वतः तुझ्याकडे येतील, आणि तुझ्याशी बोलताना टॅब खोलीत नको.

टॅब बाहेर ठेव. मलाही.

बंद इतका घट्ट शिवलाय की आता तुटायचा नाही. पिशवी खांद्यावर घेतली की मान वर होत नाही.

लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी असू दे.
भिंगरी