आम्ही ठीक आहोत

प्रिय आई,

आम्ही मजेत आहोत. कॅनडात, युकॉनच्या पार वरच्या टोकाला, खडीच्या रस्त्याकडेला आमची कॅम्पर गाडी उभी आहे. हवा छान, डास मात्र भरपूर. बाबांचा खोकला कसा आहे?

टायर फुटला. बदलताना जॅक सटकला आणि मर्व्हिनचा हात खाली सापडला. फार नाही लागलं, म्हणतो. पण हात खिशातून काढत नाही, आणि खिसा ओला झालाय. नवा टायर अर्धवटच बसलाय.

इथे उभ्या गाडीला विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. सकाळी एक ट्रकवाला थांबला. "काय, सगळं ठीक ना?"

मर्व्हिनने दुसऱ्या हाताचा अंगठा दाखवला. "एकदम. कॉफी पितोय."

मीही हसून मान डोलावली. ट्रक गेल्यावर म्हटलं, "तोंड उघडायला काय झालं होतं?"

"उगाच कशाला लोकांना त्रास?" तुझाच जावई शोभतो.

आता तो आत पडलाय. अंग तापलंय, हाक मारली की उशिरा ओ देतो. लांबवर धूळ उठलीय, कुणीतरी येतंय. हे कार्ड टपालात टाकायला मी त्यांच्याकडेच देणार आहे.

तेव्हा कार्ड तुझ्या हाती पडलं तर समज, मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, आणि आम्ही ठीक नाही आहोत, हे मोठ्यानं सांगितलं.

तुझीच,
डार्लीन