दादासाठी हलकं स्टिअरिंग

१ मार्च, रविवार. चहानंतर.
अथ संकल्प. आपल्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवायचं. महिनाअखेरीच्या आत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी याला छंद म्हणायला नको. ही बिनछपराची स्पोर्ट्स कार मी आणि दादाने, खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून, याच गॅरेजात उभी केली. गाडी तयार झाली आणि दादाला अर्धांगाचा झटका आला. त्याने ती एकदाही चालवलेली नाही. आता उजवा हात बराच सुधारलाय, डॉक्टर गाडी चालवा म्हणतात. पण आमच्या गाडीचं स्टिअरिंग उभ्या जागी फिरवायला मलासुद्धा दोन्ही हात, दात आणि पूर्वजन्मीचं पुण्य लागतं. तीस तारखेला दादा आणि वहिनी मुलीकडे राहायला जाणार. कायमचे. त्याआधी दादाने ही गाडी चालवायची. कोपऱ्यापर्यंत का होईना.

मी संस्कृतचा मास्तर, मला यातलं काय कळणार, असं हिचं मत. ते तिने मनातच ठेवलं, पण चेहऱ्यावरून वाचता आलं.

२ मार्च, सोमवार
हिने विचारलं, अहो, खोक्यात आलेली बारीक चाकं तिथे भिंतीला टांगलीयेत, ती का नाही लावत? भाऊजी तेव्हाच म्हणाले होते ना, रुंद टायरने स्टिअरिंग जड होईल म्हणून.

म्हणाला होता. पण रुंद टायर माझ्या पसंतीचे आहेत. त्यांच्याशिवाय गाडी मागून उपाशी दिसते. तस्मात् प्रश्न मिटला.

७ मार्च, शनिवार
भंगारवाल्याकडे गेलो. ठोकलेल्या एका छोट्या गाडीचं युनिट मिळालं. स्टिअरिंगचा दांडा, त्याला चिकटलेली मोटार, शेजारी तिची अक्कल ठेवलेली डबी. सगळं मिळून हेल्मेटएवढं. भंगारवाला म्हणाला, काका, चालतंय की नाही ते मी सांगणार नाही, पण जड आहे. माणूस सत्यवचनी. घरी येईपर्यंत पाठ धरली.

८ मार्च, रविवार. सकाळी.
जुना दांडा बाहेर काढला. सोपं काम. हातोडा फारसा लागू नये असं पुस्तकात आहे. पुस्तकाने आमची गाडी पाहिलेली नाही.

मध्येच दादाचा फोन. काय चाललंय? म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, मागे ठोकाठोक ऐकू येतेय. म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, शेजाऱ्याला सांग, हातोडा दांड्याच्या टोकाला धर, मनगट वाचेल.

त्याला संशय आलेला नाही.

१३ मार्च, शुक्रवार
वेल्डर येऊन गेला. युनिट डॅशबोर्डखाली कुठे टांगायचं हे मी आधीच ठरवलं होतं. स्वतः सीटवर बसलो, पाय पेडलवर ठेवले, गुडघ्यावर चार बोटं जागा सोडली आणि म्हटलं, इथे. वेल्डरने विचारलं, चालवणार कोण? म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, तुमच्याएवढाच का? म्हटलं, आम्ही सख्खे भाऊ आहोत. त्याने डोळ्यांवर काच ओढली आणि ठिणग्या उडवल्या.

ही दारातून म्हणाली, भाऊजींना एकदा बोलावून बसवून बघा. म्हटलं, मग सरप्राइज काय राहिलं? ती म्हणाली, राहील की.

१५ मार्च, रविवार
वायरिंग पूर्ण. चावी फिरवली. स्टिअरिंग कोणी हात न लावता डावीकडे वळलं, शेवटपर्यंत गेलं आणि तिथेच थरथरत उभं राहिलं. वाटेत माझा चष्मा होता.

ही आवाज ऐकून आली. विचारलं, चालवतंय कोण?

युनिटच्या आत एक सेन्सर असतो, हात कुठल्या बाजूला जोर लावतोय ते मोटारीला सांगणारा. तो गेल्या आठवड्यात मी खोलून, स्वच्छ पुसून परत बसवला होता. स्वच्छता सर्वांना मानवत नाही असं दिसतं.

१६ मार्च, सोमवार
दुसरं युनिट आणलं. भंगारवाल्याने ते काढूनच ठेवलं होतं. म्हणाला, तुम्ही खोलून बघाल असं वाटलंच होतं. याला मी विश्वास म्हणतो.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी पाच.
झालं. एका बोटाने फिरतं. करंगळीने फिरतं. मोटार आतून गुणगुणते, जणू तिला कामाचा आनंद आहे. किती मदत हवी ते ठरवायला एक बटणही बसवलंय. मी पूर्ण मदतीवर ठेवलं.

कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, ते आपणच आणावं लागतं. ही गोष्ट फाटकाच्या खांबाने निदर्शनास आणून दिली. खरचटलं थोडं. खांबाला जास्त.

बटण अर्ध्यावर आणलं.

२२ मार्च, रविवार
गॅरेजात बसून नुसतं फिरवत होतो. बॅटरी उतरली. वजन वाचावं म्हणून मी मुद्दाम लहान बॅटरी घेतली होती, तो निर्णय आजही योग्य वाटतो. ही म्हणाली, मोठी घ्या. म्हटलं, दादा काय दिवसभर फिरवत बसणार आहे?

२८ मार्च, शनिवार
गाडी धुतली. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. दादाला उद्या सकाळी बोलावलंय, कारण सांगितलं नाही. फोनवर म्हणाला, बरं, जुने बूट घालून येतो.

का म्हणाला असेल?

२९ मार्च, रविवार
दादा आला. वहिनींच्या गाडीतून आला आणि ती तोच चालवत होता. दोन गाड्यांच्या मध्ये एका झटक्यात लावली. वहिनी म्हणाल्या, अहो, हे महिनाभर चालवतायत. या गाडीचं स्टिअरिंग लोण्यासारखं आहे, कंपनीतूनच.

मी आमची गाडी ढकलून गल्लीत तिरकी काढून ठेवली होती. सगळं समजावून सांगितलं. दादाने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, खाली सरकला आणि थांबला.

दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

गुडघा युनिटखाली अडकला. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाईना. सीट बोल्टने जखडलेली, तिच्या मागे गाडीचीच पत्र्याची भिंत. त्याने तिरकं बसून पाहिलं, बूट काढून पाहिलं. विचारलं, गुडघा घरी ठेवून आलो असतो तर चाललं असतं का? वहिनी हसल्या. ही हसली नाही, त्याचं मला जास्त लागलं.

आम्ही त्याला बाहेर ओढून काढलं.

मग तो गाडीशेजारी उभा राहिला, वरून उजवा हात आत घातला आणि स्टिअरिंग फिरवलं. त्या हाताने. एका बोटाने. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. म्हणाला, छान झालंय रे. आणि फिरवत राहिला. त्याला थांब म्हणायचं मला सुचलं नाही. मोटार गुणगुणत होती, मग कण्हली, मग गप्प झाली.

बॅटरी संपलेली गाडी गल्लीत आडवी. एक सायकलवाला घंटी वाजवून उभा. मी, ही आणि वहिनी मागून ढकलायला लागलो. दादाने बाहेरून चालत स्टिअरिंग धरलं. आता ते पहिल्यासारखं जड, वर मेलेल्या मोटारीचं ओझं. वहिनी म्हणाल्या, अहो, जपून. तो म्हणाला, येतंय, येतंय, ढकला तुम्ही. दोन्ही हातांनी, दात आवळून, त्याने गाडी खांबाला न लावता आत घेतली.

गॅरेजात भिंतीला टेकून दम घेताना त्याला वर बारीक चाकं दिसली. विचारलं, ही आहेत होय अजून? म्हटलं, आहेत. तो म्हणाला, मला वाटलं तू टाकून दिलीस.

मग त्याने खाली रुंद टायरकडे बघितलं. म्हणाला, मागून दिसते छान पण.

नोंद: दादाने गाडी चालवली असं म्हणायला हरकत नसावी. गल्लीपासून भिंतीपर्यंत. इंजिन बंद. तो बाहेर.

३० मार्च, सोमवार. सकाळी.
गेले. दादाच चालवत होता. कोपऱ्यावर एका हाताने वळला आणि दुसरा आम्हाला हलवून दाखवला. उजवा.

फाटकापासून परत येताना ही गॅरेजाच्या दारात थांबली. म्हणाली, ती बारीक चाकं लावून बघायची का?

म्हटलं, आता कशाला.