सव्वा किलोचं गठोडं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज भाजीवाल्या प्रेमलालचा काटा पकडला! किलोभर म्हणून वांगे दिले अन् भरले नऊशे ग्रॅम. पिशवी त्याच्याच ठेल्यावर उलटी केली अन् रिकाम्या हातानं घरी आली. वजनकाटे तपासायच्या नापतौल विभागात चौतीस वर्षं इन्स्पेक्टरकी केली, ती काय उगाच? रिटायर मी झाली, माझे डोळे नाही झाले.

जेवताना यांच्या पुढ्यात नुसतं वरण-भात. म्हणाले, "मंजू, सजा त्याले झाली का मले?"

हसू आलं होतं, पण दाखवलं नाही.

६ नोव्हेंबर

शेजारच्या शरदचंद्र वकिलांची नात ऋता आली होती. नागपूरले मेंदूवर संशोधन करते. कोणी अन्याय केला तर माणूस स्वतःचं नुकसान सोसून त्याले शिक्षा काहून देते — हे शोधून राह्यली. हे लगेच म्हणाले, "बाई, दूर कशाले जाते? ही पाह्य, समोरच बसली."

तिले जुळे पाहिजेत, एका चेहऱ्याचे. दोघांचे जीन एकच, मग चीडही एकच असते का, ते पाह्यचं आहे तिले. "मावशी, तुमची जुळी बहीण लामत्याले राहते म्हणे?"

राहते. मैना. आठ वर्षं झाली तिचं तोंड पाह्यलं नाही.

"बोलायची गरज नाही. वेगवेगळ्या दिवशी बोलावते," म्हणाली. मी म्हटलं, पाहू.

७ नोव्हेंबर

लिहूनच टाकते एकदा. आईचा नियम होता — एकीनं वाटे घालायचे, दुसरीनं आधी उचलायचा. सीताफळ असो का रिबिन. वाटे घालताना मैना असे डोळे बारीक करायची! एक वाटा जराही जास्त झाला तर तो मीच उचलणार, हे तिले पक्कं माहीत. म्हणून भांडण कधी झालंच नाही.

मग आई गेली. तिच्या सहा साड्या होत्या. तेरवी झाली अन् मैनानं आपल्याच मनानं वाटे घातले, माझा वाटा गठोडं बांधून पाठवून दिला. उचलू देणं तर दूरच, विचारलंही नाही! मी गठोडं काट्यावर ठेवलं. सव्वा किलो. सहा साड्या साडेतीन किलोच्या खाली भरूच शकत नाही. म्हणजे अर्धंही नाही! गाठ न सोडता आल्या पावली परत पाठवलं.

तिनं फोन केला नाही. मीही नाही. तिच्या पोराच्या, संकेतच्या लग्नाले गेली नाही मी. दवाखान्यात नर्सनं त्याले आधी माझ्या हातात दिलं होतं, मग तिच्या. आता हे लिहूनही डोळे भरून आले. पुरे!

१३ नोव्हेंबर

ऋताचा फोन. मैना नागपूरले जाऊनही आली! मग मीच काहून मागं राहू? हौ म्हणून टाकलं.

१९ नोव्हेंबर

नागपूरले जाऊन आलो. राजेगाव येईपर्यंत हे घोरायले लागले, धाकधूक माझी एकटीची.

मेंदूचे फोटो काढायच्या मशीनमंदी मले भट्टीत पाव सरकवावा तसं सरकवलं. समोर काचेवर दहा लाडवांचं चित्र. कोणीतरी न दिसणारा माणूस वाटे घालते. मी 'हौ'चं बटण दाबलं तर तसे मिळणार, 'नाही' दाबलं तर दोघांच्याही हाती भोपळा. लाडू खरेच देतात शेवटी!

आठ त्याले, दोन मले. नाही! नऊ त्याले, एक मले. नाही रे लेका, नाही!

"मावशी, आत बोलू नका, फोटो हलते!"

शेवटी आलं — नऊ मले, एक त्याले. बोट आपोआप 'नाही'वर गेलं. काहून ते मलेही कळलं नाही. पाच-पाच एकदाच आलं होतं, तेवढं घेतलं. घरी येऊन दोघांनी अडीच-अडीच लाडू खाल्ले. आईच्या हातची सर नाही.

२२ नोव्हेंबर

प्रेमलालनं नवा काटा आणला अन् मले दाखवायले घरापर्यंत आला. वांगे किलोच्या वर भरले. वरचं एक परत केलं. तो पाहतच राह्यला!

२८ नोव्हेंबर

ऋतानं लॅपटॉपवर माझा मेंदू दाखवला. अक्रोडच! "घाण वास आला की हा भाग जागा होते, अन् वाटणीत अन्याय झाला तरी हाच." म्हणजे प्रेमलालचे ते वांगे माझ्या मेंदूले सडकेच लागले असतील! मैनाची चीड अन् माझी एकच का, असं विचारलं तर म्हणाली, दोघींवरून काही ठरत नाही, लई जुळे पाहावे लागतात. अन् सगळं जीनचंच नसते, घरचं वळणही असते.

मग हळूच म्हणाली, "फायद्याचे नऊ लाडू बहुतेक लोकं घेऊन टाकतात, मावशी. तुम्ही नाही म्हटलं. अन् अजून एकीनं."

नाव सांगायचा नियम नाही म्हणे. मले विचारायची गरजच नव्हती.

जाताना एक पिशवी ठेवून गेली. "हे संशोधनातलं नाही. लामत्याहून दिलं." पिशवीत तेच गठोडं, तीच गाठ.

हे म्हणाले, "आता काट्यावर नको ठेवू बाप्पा."

२९ नोव्हेंबर

सकाळी गाठ सोडली. तीन साड्या. तीनही कोशाच्या रेशमाच्या — आईच्या सणावाराच्या, पापडावाणी हलक्या! जाडे सुती लुगडे तिनं स्वतःले ठेवले होते. वजन कमी म्हणजे वाटा कमी — जन्मभर हेच शिकली मी. तिनंही सांगतलं नाही. सांगन कशी? माझीच बहीण!

नऊच्या बसनं लामत्याले चालली. ह्या तीन अन् तिच्याकडच्या तीन, सहाही साड्या तिच्या खाटेवर टाकीन. वाटे मी घालीन. उचलू दे तिले आधी.