पेठे बाईंच्या खोलीतलं गाऱ्हाणं

२२ जाने. १९८६, बुध.
केमिस्ट्रीच्या पूर्वपरीक्षेत पुन्हा तेच. पेपर हातात आला, छाती धडधडली, श्वास पुरेना. कोरी उत्तरपत्रिका टाकून पळाले. सरांनी घरी कळवलंय. आता आबा मला घरी, लांज्याला नेणार. मग कॉलेज संपलं, पुढे स्थळं बघणं...
होस्टेलच्या खोलीतली शैला म्हणते, पेठे बाईंकडे जा. मानसशास्त्र शिकवतात, बुधवारी लायब्ररीमागच्या खोलीत मुलांशी बोलत बसतात. पोरं तिला 'डोक्याची खोली' म्हणतात. मी नाही जाणार. माझं डोकं शाबूत आहे.

२९ जाने.
गेले. (शैलाने ढकललं.) बॅडमिंटनच्या जाळ्यांची अडगळ, मध्ये खुर्च्या. वाटलं, आता उपदेश. बाईंनी विचारलं, "जेवलीस का?" आणि मी रडायलाच लागले! बाईंनी रडू दिलं. मग श्वास सावकाश सोडायला शिकवलं. नीट जमलं नाही. पण किती दिवसांनी पोटभर जेवले.

५ फेब्रु.
बाई म्हणतात, भीती लगेच जाणार नाही, पण ती असतानाही पेपर लिहिता येतो. बघू.
घरून निरोप : आबा पुढच्या बुधवारी न्यायला येतायत, सामान बांध. बाई म्हणाल्या, "आधी त्यांना इथे आण." आबा आणि बोलणार! शिमग्यात अख्ख्या वाडीचं गाऱ्हाणं देवापुढे खणखणीत घालतात, घरात मात्र तोंडाला कुलूप.

१२ फेब्रु.
आबा आले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाईंसाठी नारळ. देवळात ठेवावा तसा टेबलावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाईंनी विचारलं, "मुलीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" आबा टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "बाईनू, मला असा बसून बोलाय येत नाय." आणि उठले. नारळासमोर हात जोडले.
"बा देवा म्हाराजा, माज्या पोरीला कसली भीती धरलीय ती मला कळत नाय. घरी न्हेतो तर तिचा शिक्षान जाताय, हितं ठेवतो तर माजा जीव लागत नाय. पास होवंदे, नापास होवंदे, पन माजी पोर हासती ठेव रे म्हाराजा!"
थांबले. गाऱ्हाण्याला कोणीतरी ओ द्यावी लागते. बाई पुण्याच्या, त्यांना काय ठाऊक! मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग बाईही म्हणाल्या, अगदी पुणेरी, "होय महाराजा." आबांना हसू आलं. मलाही.
सामान बांधलेलंच राहिलं. एसटीत एकटेच चढताना आबा म्हणाले, "पेपर दे बाय. नाय झाला तर घर हाय." आबांनी एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी भाग्यवान आहे. बाईंचे उपकार कसे फेडू!

५ मार्च
बाईंनी बंद वर्गात घड्याळ लावून सराव घेतला. मध्येच बाहेर आले, पाणी प्यायले, परत जाऊन बसले. परत गेले!

७ एप्रिल, सोम.
आज केमिस्ट्री. भीती आली आहे, वेळेवर. बाई व्हरांड्यात थांबणार आहेत.
आंघोळ झाल्यावर खिडकीशी हात जोडून पुटपुटले, "बा देवा म्हाराजा, मला शेवटपर्यंत बाकावर बसव." मागे शैला दात घासत होती. फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"
पेन भरलं. निघते.