शिट्टीचं शेपूट

ता. १४, शुक्रवार

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं की ते मुद्दाम दोनदा चढतात, हे मला इथे बसून दिसतं. इकडे सगळं ठीक. समोरच्या शिंप्याने दुकानाला नवा रंग दिलाय, इतका निळा की सकाळी खिडकी उघडली की डोळे चोळावे लागतात. माझा गळका नळ थांबला. म्हणजे प्लंबर आला नाही, आपोआप थांबला, त्यामुळे पुन्हा केव्हा सुरू होईल सांगता येत नाही.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचलं, पुन्हा वाचलं, साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि आज सुट्टी म्हणून बाहेर काढलं. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नाही, एवढं आधीच सांगते.

सोपं आहे ते पहिल्यांदा. माझा हात ठणठणीत आहे. तू लिहिलंस की गेल्या आठवड्यात मंगळवारी तुमच्या रेल्वे फाटकापाशी माझ्या गाडीची शिट्टी भलतीच वाजली, शेपूट दोनदा आलं आणि तेही थरथरत, तेव्हा डॉक्टरला हात दाखव. ताई, फाटकाआधी एक लांब शिट्टी द्यायची एवढंच नियमात आहे. तिच्यामागे ते बारीकसं टुक मी इतकी वर्षं फक्त तुझ्यासाठी वाजवते, आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून फडकं हलवतेस. बाकी कुणाच्या ते कानातही शिरत नसेल. तू मात्र त्यावरून माझी नाडी बघतेस. हाताला काही झालेलं नाही. शिट्टीचं पुढे लिहिते.

तुझी लेक मजेत आहे. भिंगरी नाव आपण ठेवलं ते काही उगाच नाही, घरात एका जागी बसेल तर शपथ. जेवते नीट. झोपेचं विचारू नकोस. गजराचं घड्याळ मी रिकाम्या पातेल्यात ठेवते, म्हणजे आवाज दुप्पट होतो. त्याने मी उठते, शेजारीण उठते, ही उठत नाही. मग पाण्याचे शिंतोडे. पण एकदा उठली की चपला घालून माझ्या आधी दारात. कॉलेजचं ती स्वतः तुला लिहिणार आहे. तसं तिने मला कबूल केलंय.

आता ते पेपरातलं. तू कात्रण पाठवलंस, आमच्याकडे तो विषय गेले वर्षभर चघळून चोथा झालाय. रेल्वेगाडी चालवायला किमान वय वीस होतं ते अठरा केलं. वर्षभर करून बघू म्हणाले, आता ते कायम करायचं का हे ठरायचंय. तू लिहितेस, "अठरा म्हणजे पोरंच ती. त्यांच्या हातात एवढी माणसं द्यायची? धाकटे, तू तिथली जुनी माणूस, गप्प बसू नकोस. बरं झालं, आपली भिंगरी मुकाट्याने हिशेब शिकते आहे."

मी गप्प बसले नाही, ताई. सोमवारी डेपोत सभा झाली. साहेबांनी सगळ्यांना बोलायला सांगितलं आणि कुणीच बोलेना, तेव्हा मी उठले. म्हटलं, अठराव्या वर्षी माणसाला स्वतःची झोप कळत नाही. भूक कळते, राग कळतो, पण आपण दमलोय हे कळत नाही, आणि आमच्या कामात तेवढंच कळावं लागतं. म्हटलं, सरावाच्या खोट्या केबिनमध्ये, जिथे समोर पडद्यावर रूळ दिसतात, तिथे नव्या पोरांपैकी एकाच्या हातून अख्खं स्टेशन मागे गेलं, फलाट सरकत गेला, आणि ते पोर हसलं. ते हसणं मला आवडलं नाही. टाळ्या पडल्या. आमचे ब्रेकवाले काका, ज्यांना ब्रेक सोडून कशातच रस नाही, तेसुद्धा मान हलवत होते.

मग साहेब म्हणाले, हात वर करा. आधी, अठरा नको म्हणणारे. मी हात वर केला. मग, अठरा चालेल म्हणणारे. आणि ताई, मी परत हात वर केला. का केला, कसा केला, देव जाणे. कारकून मोजायला लागला तर माणसांपेक्षा एक मत जास्त. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. साहेब वैतागले. कारकून म्हणाला, "साहेब, दाराशी चहावाला उभा होता, तोच मोजला गेला असेल." चहावाला बिचारा शपथा घ्यायला लागला. मी खाली मान घालून बसले होते. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो, तेव्हा मीच आधी बाद व्हायचे, तुला आठवत असेल.

तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता आहे. म्हणून तुला लिहिते. नाहीतर कुणाला लिहू?

मी अठराची असताना मला हेच हवं होतं आणि दोन वर्षं थांब म्हणाले. ती दोन वर्षं मी गाड्यांचे डबे धुतले. सगळे म्हणत होते नाद सोड, तू म्हणालीस, थांबणं हेही कामच समज. रोज डबा भरून द्यायचीस. त्या दोन वर्षांत मी शहाणी झाले असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरंच झाले का? धुणं उत्तम शिकले. बाकी जे शिकले ते गाडी हातात आल्यावरच शिकले.

आणि तुझं वय काय होतं गं, आई गेली तेव्हा? अठराच. मी सात वर्षांची. घर चालवायचं किमान वय कुणी विचारलं नाही तुला. पहिल्याच दिवशी दूध उतू घालवलंस आणि भांडं काळं केलंस, आणि मग मागच्या दाराशी जाऊन रडलीस, मी बघितलं होतं. पण मी उपाशी झोपले नाही, एकदाही नाही. मग अठरा लहान की मोठं? हा विचार आला की वाटतं, हो म्हणावं. लगेच दुसरं वाटतं, तू तेव्हा किती दमायचीस ते तुला तरी कुठे कळत होतं. आता तुझी कंबर बोलते तेव्हा कळतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे.

ताई, आता बस. उभी असशील तर खरंच बस.

ते खोट्या केबिनमध्ये हसलेलं पोर म्हणजे भिंगरी.

ती हिशेब शिकत नाही. पहिली सहामाही शिकली. मग अठराचं जाहीर झालं आणि ही मला न विचारता परीक्षा देऊन आली, डोळ्यांची, कानांची, सगळी. निकाल हातात घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, आईला मी सांगते. तू मध्ये पडू नकोस." मी मध्ये पडले नाही. ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली आणि मीही त्या उद्याची सोय करून घेतली. माझ्याकडे तू तिला विश्वासाने ठेवलीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तशी मी सभेत उभी राहून अठरा नको म्हणून सांगत होते, आणि घरी जेवताना तिच्याकडून सिग्नल पाठ करून घेत होते.

तुला वाटेल मी तिला चढवलं. नाही चढवलं. पण उतरवलंही नाही.

एक गोष्ट सांगते, मग तुला जे बोलायचं ते बोल. तिचे शिकवणारे उस्ताद पाठ धरून घरी बसले आणि साहेबांनी तिला माझ्याकडे दिलं. नात्यातल्या माणसाने शिकवू नये असा नियम नाही, असायला हवा. आमच्याकडे रीत अशी की पुढचा सिग्नल दिसला की हात करून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, आणि शेजारच्याने तोच परत म्हणायचा. मला इतकी सवय की मी रस्त्यावरचे दिवेसुद्धा मोठ्याने म्हणते आणि लोक वळून बघतात.

तर सकाळची गाडी, ऊन समोरून. मोठ्या वळणावरचा सिग्नल, जो त्या वेळेला नेहमी हिरवा असतो. भिंगरी चालवत होती, मी शेजारी. मी हात केला आणि म्हटलं, "हिरवा." ही परत म्हणेना. मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "हिरवा." तर ही म्हणाली, "मावशी, मला नाही दिसत." आणि ब्रेक लावला.

गाडी थांबली. डोळ्यांवर हात धरून बघितलं, तर दिवा बंद. कुठलाच रंग नव्हता. विझलेला सिग्नल लाल समजायचा, हे आमचं पहिलं पाठांतर. मी रंग बघून म्हटलाच नव्हता. तोंड सवयीने म्हणून गेलं. पुढे रूळ मोकळा होता, कुणाला काही झालं नाही. मी स्वतः साहेबांना जे घडलं ते सांगितलं, त्यांनी मला दोन शब्द सुनावले आणि ते मला लागले.

आता तूच सांग, मी काय समजू? पोरगी अठराची म्हणून तिने खरं बघितलं, की नवीन म्हणून? चाळिशीचा नवीन माणूस असता तरी त्यालाही दिवा विझलेलाच दिसला असता. आणि हीच पोरगी माझ्या वयाची झाली की तिचंही तोंड डोळ्यांच्या पुढे पळेल का? मग वय कशाचं मोजायचं, हात वर कशासाठी करायचा? काकांना विचारलं तर म्हणाले, "ब्रेक वेळेवर लागला ना? मग झालं." त्यांचं बरं आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला चहा करून दिला. मला वाटलं, हसेल. तिला हसायला जागा होती. ती हसली नाही, आणि मला त्या हसण्यापेक्षा हे जास्त जड गेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू दमली आहेस का?" सभेत मी काय बोलले ते तिला ठाऊक नव्हतं, सभा तर त्यानंतर झाली. म्हणजे तिचं वाक्य घेऊनच मी तिच्या वयाच्या पोरांविरुद्ध बोलले. माझं मलाच हसू येतं आणि रडूही.

तर मंगळवारची शिट्टी.

ती माझी नव्हती, ताई. हात तिचा होता. शिट्टीची पाटी आली, तिने नियमाप्रमाणे लांब दिली. चोख. मी तिला शेपटाचं कधी सांगितलं नव्हतं, नियमाबाहेरचं आहे, शिकाऊ मुलीला कसं सांगू? पण तुझ्या स्वयंपाकघरात ती जन्मल्यापासून ते ऐकत आलेली. तिने आपणहून टुक केलं. जमलं नाही म्हणून परत केलं. म्हणून दोनदा. आणि थरथर का आली ते तुला सांगायला नको, खिडकीत तू होतीस.

तू फडकं हलवलंस. ते मला म्हणून हलवलंस, पण बघितलं तिने. तिचे डोळे भरले ते मी बघितलं, आणि घाबरले, कारण पुढचा सिग्नल यायचा होता आणि तिला तो दिसायला हवा होता. मी तोंडाशी हात धरून बसले, या वेळी काही म्हणायचं नाही असं ठरवून. तिने बाहीने डोळे पुसले, हात केला आणि म्हणाली, "पिवळा." पिवळाच होता.

पुढच्या महिन्यात तिची शेवटची परीक्षा. त्यात उतरली तर ती एकटी गाडी चालवेल. तू नको म्हणालीस तरी अठरा पूर्ण झालेलीला तुझी सही लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच तिला तुझ्याशी बोलायची हिंमत होत नाही. सही लागली असती तर ती भांडली असती. कोपऱ्यात बसून तुला पत्र लिहायला घेते आणि फाडते. आज मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही. वचन मोडलं माझ्याकडून. पण तुला ते फाटकापाशी कुणा परक्याकडून कळावं, हे मला सहन झालं नसतं.

तू नेहमी म्हणतेस, माझी शिट्टी ऐकल्याशिवाय तुझा घास खाली उतरत नाही. एवढी वर्षं एकीची होती. ती दोघींची झाली तर तू जेवणार केव्हा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अठरा बरोबर की चूक, त्याचंही नाही. तुझी मी माफी मागते, ती मात्र एकदाच आणि पूर्ण मनाने. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मला तुझा राग पचवायची सवय आहे.

येत्या मंगळवारी त्याच गाडीवर आम्ही दोघी आहोत. हात तिचाच असेल. तू फडकं हलवायचं की खिडकी लावून घ्यायची, ते तू ठरव. मी तिला काही सांगणार नाही. फाटक येईल तेव्हा मी तिच्या शेजारी गप्प बसेन, आणि खिडकीकडे बघायची माझीच छाती होणार नाही. काय दिसलं ते तिच्या तोंडूनच ऐकेन.

दोन्ही वेळा हात वर केलेली,
तुझी धाकटी