कुशीचं चाक

बाबा, तुमचं चाक मी कापलं. ग्राइंडर लावला आणि ट्रॅक्टरमागे जोडायच्या आपल्या गवत कापणीच्या यंत्राचं ते मागचं एकुलतं एक चाक धाडकन खाली पडलं. तुम्ही असता तर गाळा डोक्यावर घेतला असता. घ्या खुशाल.

तुमच्या हयातीत मी एकदाच तोंड उघडलं होतं. वेल्डिंगची काच वर करून तुम्ही म्हणालात, "चाक पाठीच बरा. कुशीक लावलंस तर झाडाक आपटतला. तुका काय कळता गो त्यातला?" मी सांगत होते, सपाट शेतात ते चालेल, आपल्या कातळावर नाही. ट्रॅक्टर पुढे जातो, चाक मागे खड्ड्यात उतरतं आणि मधली पाती नेमकी जांभ्यावर आदळतात. पात्यांच्या कुशीला, दोन्ही बाजूंना एकेक चाक असलं तर जमीन उचलेल तसं यंत्रही उचललं जाईल. पण पालथ्या घड्यावर पाणी! पावसाळा सरला की लोक मोडकी पाती घेऊन यायचे आणि तुम्ही दगडाला शिव्या घालत ती बदलून द्यायचात. दगड काय काल आला होता, बाबा?

तुम्ही गेल्यावर काका म्हणाले, गाळा भाड्यान देवया, चेडवाकडसून यंत्र कोण घेतलो? पोरीच्या हातचं यंत्र म्हणे घेणार कोण! मी म्हटलं, एक करून दाखवते; बागेत पातं मोडलं तर चावी तुमच्या हातात देईन. रागाच्या भरात बोलले, पण बोलले ते बोलले.

देवगडची बाग. ट्रॅक्टरवर मीच बसलेय. बागायतदार हाताची घडी घालून उभे. "बाय, थंय दगड आसत हां," ते ओरडतात. मी मुद्दाम तिथेच घालते. यंत्र उचलतं, बसतं, पुन्हा उचलतं, आणि गवत निमूट आडवं होत जातं. ते मागून चालत येतात. "दगडाचो आवाज कसो येवक नाय गो?" मला हसू आलं आणि लगेच तुमचा भयंकर राग आला. तो आवाज आपण इतकी वर्षं उगाच ऐकला. तुम्ही नसताना हा राग मी ठेवू तरी कुठे? चावी मात्र माझ्याच कमरेला आहे.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. बागेत नेण्याआधी दोन्ही कुशींना एकेक चाक लावून यंत्र आपल्या परसातल्या आंब्याखाली फिरवलं, तर झाडाकडचं चाक बुंध्याला आपटलं. साल निघाली. मग ते एक चाक मी कापून पात्यांच्या मागे लावलं, तुमच्या जागेच्या जवळपास. दुसरं कुशीलाच आहे. लोक विचारतात, एक चाक कुशीला आणि एक मागे असं का? मी सांगते, माझीच कल्पना.